चुलीला नाक : घरच्या चुलीच्या कामाची वही

१४ जानेवारी २०२४

एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षं काढली. गाडीवर हात टाकला की वहीत लिहायचं, ही तिथली एक सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. आता चूल ही गाडी.

थोरली लेक जूनअखेरीला बाळंतपणाला येणार आहे. आमचं घर सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात, मल्हारपेठेपासून आत. जुनं, कौलारू, आणि स्वयंपाकघराला लागूनच माजघर. गॅस आहे, पण तो चहाचा, दुधाचा आणि घाईचा. अंघोळीचं पाणी, भाकरी, आमटी, सणाचं पुरण सगळं चुलीवर. पावसाळ्यात जळण ओलं झालं की पहाटे पाचपासून घरात असा धूर कोंडतो, की समोरचा माणूस आधी खोकल्यावरून ओळखायचा. आई ८१ वर्षांची, तिचा खोकला तर दिवाळीपासून थांबलेला नाही. आठ दिवसांचं बाळ या धुरात कसं ठेवायचं, हे लेकीनं फोनवर विचारलं नाही. जावयानं विचारलं. म्हणजे लेकीनंच विचारलं.

आईला बेत सांगितला, चुलीला धुराडं लावायचा. ती म्हणाली, "आरं, चुलीला नाक कशापायी लावतूस? मागं एकदा लावून झालंय."

तिचं खरं आहे. १९८३-८४ मध्ये सरकारनं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, त्यातली एक चूल आमच्याकडेही बसली होती. सिमेंटचा पाईप, दोन भोकं. दोन वर्षांत पाईप चोंदला, झाडायचा कसा हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि पुढं त्या चुलीवर कोंबड्या अंड्यावर बसायला लागल्या. तेव्हा पहिला नियम ठरवला. जे मला झाडता येणार नाही, ते बसवायचं नाही.

१६ जानेवारी

दुरुस्तीआधी गाडीचं अॅव्हरेज काढावं लागतं. अॅल्युमिनियमच्या पातेल्यात मापून पाच लिटर पाणी, वर झाकण, जुनी मातीची चूल, मागच्या वर्षीची सुबाभूळ. ताणकाट्यानं जळण आधी मोजलं, उरलेलं नंतर मोजलं.

उकळी आली ३४ मिनिटांत, लागलं १.२ किलो.

हिशेब साधा आहे. पाच लिटर पाणी ७५ अंशांनी तापवायला ३७५ किलोकॅलरी लागतात. बऱ्यापैकी वाळलेलं लाकूड किलोला साधारण ३७०० देतं. म्हणजे मी साडेचार हजारांचं जाळलं आणि पातेल्यात पावणेचारशे पोचले. बाकीचं चुलीच्या मातीत, भिंतीत, आढ्यात आणि आईच्या छातीत. उरलेले निखारे मोजले नाहीत, तेवढी सूट चुलीला द्यायला हवी. पण एवढ्या अॅव्हरेजची गाडी आम्ही रूटवर सोडली नसती.

१७ जानेवारी

तेच पाणी, तीच चूल, पण बांधावरची परवा तोडलेली ओली सुबाभूळ. १.९ किलो, ५२ मिनिटं. मी, आई आणि मांजर तिघंही बाहेर.

हे मी अजून कशालाही हात न लावता झालं. चूल तीच असताना नुसत्या ओल्या जळणानं खर्च दीडपटीच्या वर गेला. ताज्या लाकडात वजनाच्या जवळपास निम्मं पाणी असतं. त्यातलं एक किलो पाणी वाफ करून उडवायलाच सहाशेच्या वर किलोकॅलरी जातात, आणि ते उडत असतं तोवर जाळ थंड राहतो. थंड जाळात लाकडातला वायू पेटत नाही, तसाच बाहेर पडतो. तोच धूर. गाडीनं काळा धूर ओकला तर ड्रायव्हर म्हणायचे, "गाडी डिझेल पितेय." धूर म्हणजे न जळलेलं इंधन, हे मला तीस वर्षं ठाऊक होतं आणि घरात कधी सुचलं नाही.

म्हणून काम दोन भागांत. चूल नंतर. जळण आजपासून.

२१ जानेवारी

सुबाभूळ आणि वादळात मोडलेली आंब्याची फांदी, दीड-दीड फुटांचे तुकडे केले. मनगटापेक्षा जाड ते सगळे कुऱ्हाडीनं फोडले. ओल सालीतून बाहेर पडत नाही, फोडलेल्या अंगातून पडते. दगडांवर दोन वासे आडवे टाकून त्यावर रचलं, म्हणजे खालून वारा. वरून जुना पत्रा, बाजू मोकळ्या. शेजारी ताडपत्रीनं चारी बाजूंनी गुंडाळतात. त्यात जळण वाळत नाही, घामेजतं.

खुणेचे दोन तुकडे खडूनं नंबर टाकून ठेवले. नंबर १, न फोडलेला ओंडका, ४.२ किलो. नंबर २, फोडलेली फाळ, २.६ किलो.

४ फेब्रुवारी

लेकाच्या मोबाईलवर आठवडाभर चुली बघितल्या. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मंडळींनी १९८०च्या दशकात 'अस्त्र ओले' नावाची धुराड्याची चूल काढली होती. ओले म्हणजे कानडीत चूलच. आपल्या जिल्ह्यात फलटणलाही चुलींवर बरंच काम झालेलं आहे. अमेरिकेतून आलेली ती 'रॉकेट' चूलही बघितली. सगळ्यांचं सार काढलं तर मूठभर गोष्टी उरतात. जाळाची जागा लहान ठेवायची. खालून जाळीतून हवा द्यायची. जाळाभोवती जड माती नको, हलकं आणि गरम धरून ठेवणारं काहीतरी हवं. आणि धूर बाहेर जाण्याआधी भांड्याला चाटून जायला हवा.

जड मातीचं मला पटायला वेळ लागला. वाटायचं, जाड भिंत म्हणजे धग टिकते. टिकते खरी, पण आधी ती स्वतः तापते, आणि सकाळच्या पहिल्या अर्ध्या तासात जळण पाण्यासाठी नाही, भिंतीसाठी जळतं.

कुंभाराकडून माती आणली, त्यात भाताचा तूस कालवला. मातीइतकाच तूस, मापानं. विटा पाडल्या. भाजल्या की तूस जळून जातो आणि त्याच्या जागी पोकळ्या राहतात.

२५ फेब्रुवारी

चूल बसली. जमिनीवर नाही, दोन फुटी ओट्यावर. आईचा पहिला रुसवा यावरून: उभं राहून भाकरी कोण थापतं? पण पुढं घरात रांगतं पोर असणार आहे, आणि जमिनीवरची चूल आणि रांगतं पोर यांचं जमत नाही. शेवटी आईसाठी उंच स्टूल केलं.

जाळाची पोकळी १२ सेंटीमीटर चौरस. तळापासून दोन बोटं वर जुन्या सळयांची जाळी, राख खाली पडायला आणि हवा वर यायला. पुढं मुख्य भोक, मग बोगदा, मग वैल म्हणजे मागचं दुसरं भोक, मग पाईप. ओट्याच्या तोंडापुढं जळण टेकवायला लोखंडी पट्टी, कारण निम्मी जळालेली लाकडं पुढं जड होऊन खाली पडतात आणि घरातल्या आगी अशाच लागतात. वाळायला तीन आठवडे ठेवायला हवी. दोनच ठेवणार.

३ मार्च

पाईपसाठी कराडला. दुकानदारानं सिमेंटचा पाईप पुढं केला, स्वस्त आणि टिकाऊ म्हणून. जुन्या सिमेंटच्या पाईपात अॅस्बेस्टॉस असायचं. आमच्याकडे ब्रेक लायनरमध्येही असायचं, आणि आम्ही ती धूळ तोंडानं फुंकून उडवायचो. तेव्हा कोण सांगत होतं, ते तंतू फुप्फुसात बसले की निघत नाहीत म्हणून. नको म्हटलं.

दुसरा सल्ला गॅल्व्हनाइज्ड पाईपचा. तो वरच्या भागाला चालेल, पण चुलीला लागून नाही. गॅल्व्हनाइज्डवर वेल्डिंग केलं की रात्री थंडी-ताप भरतो, हे कुठल्याही वेल्डरला विचारा. ती जस्ताची वाफ. चुलीतून निघतानाचा पाईप वेल्डिंगइतका नाही, तरी खूप तापतो; धोका नको. म्हणून खालचे चार फूट साधा काळा लोखंडी पाईप, वर गॅल्व्हनाइज्ड, चार इंची. चुलीवरच्या वळणाला टोपणाचा टी, म्हणजे तीन तोंडांचा सांधा, जोडला. टोपण काढलं की झाडता येतं. कोंबड्यांची आठवण ठेवून.

पाईप आढ्याच्या वर दोन फूट काढला. आढ्याच्या खाली संपवला तर वारा कौलांवरून घसरून धूर उलटा आत ढकलतो. वर पत्र्याची टोपी.

१० मार्च

पेटवली. घरात धूर नाही. अजिबात नाही. आई दारात उभी राहून छपराकडं बघत होती, वर निळसर रेघ निघत होती. ती काही बोलली नाही, आणि तिच्यापाशी ही मोठीच दाद.

मग पाणी ठेवलं. पाच लिटरला ९५० ग्रॅम. एवढा खटाटोप करून पाव किलो वाचला. वैलावरचं पाणी तर कोमटच. पाईपला हात लावला, बोटं भाजली. सगळी धग सरळ नाकातून वर चालली होती. लांब सायलेन्सर लावला आणि इंजिनच रिकामं ओढलं, असं झालं.

१३ मार्च

तीन दिवस डोकं खाजवलं. पाईपला सरकती पट्टी बसवली, ओढ कमी करायला. फरक पडला, पण थोडा.

उत्तर आईकडून आलं, तेही दुसऱ्याच गोष्टीवर बोलताना. तिच्या माहेरी वैलात खापराचा तुकडा उभा ठेवायचे, "न्हायतर जाळ वैलाला न शिवता पळून जातो." बस. बोगद्याच्या तळातून जाळ सपाट वाहत होता, भांड्याला शिवतच नव्हता. वैलाच्या बरोबर खाली मातीचा उंबरा घातला, भांड्याच्या बुडापासून दोन बोटं अंतर ठेवून. आता जाळाला उंबरा ओलांडताना वर उसळावंच लागतं.

६०० ग्रॅम. २२ मिनिटं. आणि तेवढ्यात वैलावर अंघोळीचं पाणी तयार.

सरकत्या पट्टीबद्दल वहीत लाल पेनानं: निखारे असताना पट्टी पूर्ण बंद करायची नाही. पट्टीला एक भोकच पाडून ठेवलं, म्हणजे कोणी बंद केली तरी वाट राहते.

१७ मार्च

घरात बंड. भाकरी फुगंना.

लाकूड जेमतेम शिरेल एवढंच तोंड ठेवलं होतं, कागदावर तेच बरोबर. पण भाकरी तव्यावर फक्त अर्धी होते. नंतर ती तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांपुढं उभी करतात, तिथं ती टम्म फुगते. माझ्या चुलीच्या तोंडाशी भाकरी उभी राहायला जागाच नव्हती. सौभाग्यवतींनी चिमट्यात धरलेली चपटी भाकरी माझ्या ताटात टाकली आणि म्हणाल्या, "अहो, ही तुमच्या वहीत लिहा."

लिहिली. चुली करणाऱ्या हुशार माणसांपैकी किती जणांनी भाकरी खाल्लेली असेल कोण जाणे.

१९ मार्च

तोंड १८ सेंटीमीटर केलं, पुढं निखारे ओढून घ्यायला विटेचा कट्टा. पुन्हा मोजलं: ६८० ग्रॅम. म्हणजे पाच लिटरमागं ८० ग्रॅम गेले, भाकरी परत आली. सौदा मंजूर.

२४ मार्च, होळी

पुरण शिजायला चार तास चूल अखंड. संध्याकाळी चौकात होळी पेटली, आणि घरी परत येतो तर माळ्यावर जळकट वास. शिडी लावली. पाईपाजवळची कौलांखालची लाकडी रीप काळी पडलेली, एका जागी बोटभर कोळसा. अजून तासभर पुरण शिजलं असतं तर गावाला दुसरी होळी बघायला मिळाली असती.

चूक माझी. पाईप कौलातून काढताना रीप चार बोटांवर ठेवली होती. रोजच्या तासाभराच्या जाळात ती नुसती तापायची, म्हणून कळलं नाही. लाकूड एकदम पेटलंच पाहिजे असं नाही. रोज थोडं-थोडं भाजत गेलं की ते आधीपेक्षा कमी तापमानाला पेटतं. आज नुसता काळा डाग दिसतोय म्हणून समाधान मानण्यात अर्थ नव्हता.

रात्रभर झोप नाही. दोन बादल्या पाणी माळ्यावर.

३१ मार्च

एकेरी पाईपापासून लाकूड दीड फूट लांब हवं. तेवढ्या रिपा कापल्या, कडेला लोखंडी अँगलनं आधार दिला. कौलाच्या जागी पत्रा, पत्र्यात मोठी बाही, बाही आणि पाईप यांच्यात मोकळी हवा. त्या फटीत चिंध्या-पोती कोंबायची नाहीत. पाऊस अडवायला पाईपालाच वरून पत्र्याची छत्री. माळ्यावरचं सगळं पाचट आणि तुऱ्हाट्या खाली आणल्या. आज्ज्याच्या काळापासून चुलीवरच्या माळ्यावर जळण वाळवतो आम्ही. यापुढं नाही.

१० मे, अक्षय तृतीया

खुणेचे तुकडे मोजले. नंबर १, न फोडलेला: ४.२ वरून ३.१. नंबर २, फोडलेला: २.६ वरून १.७, आणि गेल्या पंधरवड्यात वजन हललेलंच नाही. म्हणजे वाळला. एकमेकांवर आपटले की खणखण वाजतात, टोकांना चिरा गेल्यात, साल हातानं निघते. नंबर १ अजून ठक् वाजतो.

जवळपास चार महिने वाळत ठेवूनही न फोडलेला ओंडका ओलाच. आणि लोक मे महिन्यात ओंडके आणून जूनमध्ये जाळतात.

१२ मे

पेटवणीचा प्रश्न. आई सायकलच्या ट्यूबचा तुकडा पेटवून चूल लावते, सगळं गाव लावतं. रबराचा तो काळा धूर आधी घरातच फिरतो, कारण पाईप अजून थंड असतो. ट्यूब बंद, प्लॅस्टिकची पिशवी बंद, रंग दिलेली फळी आणि प्लायवूडही बंद. त्याऐवजी नारळाची शेंडी, तुऱ्हाट्या, मक्याची बुरकुंडं. आधी टीच्या टोपणातून एक पेटता कागद पाईपात धरायचा. पाईप कोमट झाला की ओढ धरतो, मग चूल लावायची. आईनं ट्यूब कुठंतरी लपवलेली आहे, मला माहीत आहे.

२ जून

पाईप झाडला. सुतळीला काथ्याचा बोळा बांधून वरून खाली. वरच्या भागात भुगाभुगा काजळी, वाटीभर. पण टोपीखाली डांबरासारखं चकचकीत चिकट. हे मार्चमधल्या एका आठवड्याचं असावं, तेव्हा वाळलेलं संपलं म्हणून ओलं घातलं होतं. ओल्या जळणाचा धूर थंड पाईपात गोठला की हे होतं, आणि एके दिवशी हेच पाईपात पेटतं. खरवडून काढलं.

९ जून

पहिला पाऊस. जळण पडवीत घेतलं, भिंतीपासून हातभर सोडून. रोजचं लागेल तेवढंच आदल्या रात्री घरात, ओट्याखाली नाही, बाजूला.

राखेसाठी झाकणाची लोखंडी बादली. राखेत निखारा दिवसभर जिवंत राहतो, आणि आमच्याकडं राख थेट उकिरड्यावर जायची.

२९ जून

कराडला दवाखान्यात लेक बाळंत झाली. मुलगी. दोघी ठीक. आज वहीत एवढंच.

७ जुलै

बाळ-बाळंतीण घरी आल्यापासूनचं भांडण आज मिटलं.

आईला बाळंतिणीच्या खोलीत शेगडी हवी. शेकायला, ओवा-शेपांच्या धुरीला, आणि एरवीही ऊब म्हणून. बाहेर पाऊस, म्हणून खिडकी बंद, दाराला पडदा. तिचं म्हणणं, "कोळशाला धूर कुठं असतोय?" इथं मी प्रथमच आवाज चढवला, पोरी-जावयासमोर.

धूर डोळ्यांना सांगतो तरी. निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड काही सांगत नाही. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेपट घट्ट धरतं, त्यामुळं थोडासुद्धा पुष्कळ होतो. आधी डोकं जड, मग मळमळ, मग झोप. बाळंतिणीला डोकं जड, मळमळ आणि झोप असणारच, असं म्हणून कोणी उठवणारही नाही. वर्कशॉपात हिवाळ्यात दार लावून इंजिन चालू ठेवायचं नाही, हा नियम भिंतीवर लिहिलेला होता.

आईनं ऐकून घेतलं. मग तिनंच वाट काढली: तव्यावर फडकं गरम करायचं आणि त्यानं शेकायचं. "आमच्या येळंला कोळसा नसला की आसंच." शेगडी पडवीत गेली. धुरी नकोच म्हणून मी सांगितलं. ती पडवीत, बाळाशिवाय, एवढ्यावर तडजोड झाली. रात्री झोपताना कुठल्याही खोलीत निखारा नाही. लेकीनं आईच्या मागून मला डोळ्यांनीच "बास आता आप्पा" केलं.

स्वयंपाकाबद्दलही ठरलं. पहिले तीन महिने आमटी-भात गॅसवर, चुलीवर फक्त अंघोळीचं पाणी आणि भाकरी. माझी चूल कितीही चांगली असली तरी गॅसपेक्षा ती स्वच्छ नाही, आणि मी ती केली म्हणून बाळानं ते मान्य करावं असं काही नाही.

२६ जुलै

तीन दिवस झड. कोयनेच्या खोऱ्यात असा पाऊस की समोरचा डोंगर दिसत नाही. सकाळी पाच वाजता चूल लावली तर धूर उलटा घरात. टोपी तपासली, पाईप तपासला, सगळं मोकळं. शेवटी सौभाग्यवती म्हणाल्या, दार-खिडक्या सगळ्या लावल्यात, चूल हवा कुठनं ओढणार? चुलीजवळची खिडकी चार बोटं उघडली, क्षणात धूर नाकातून वर. ती खिडकी आता खुंटी ठोकून चार बोटं कायमची उघडी.

नंबर २ चा तुकडा आज जाळला. झडीतसुद्धा आवाज न करता, पिवळ्या जाळानं. नंबर १ अजून पडवीत आहे, तो पुढच्या वर्षी.

११ ऑगस्ट

दोन घागरी पाणी आणि वीस भाकरी: रोज सकाळी साधारण अडीच किलो. मागच्या पावसाळ्यात याच कामाला एक भारा तीन दिवस पुरायचा, आता पाच दिवस जातो. पातेल्याची बुडं अजून काळी होतात, पण बोटानं पुसली जातात. पूर्वी तासायला लागायची.

आईचा खोकला कमी आहे, गेलेला नाही. इतक्या वर्षांचा धूर सहा महिन्यांत निघत नसतो.

ट्यूबचा तुकडा सापडला. भाणवशीवर, मिठाच्या बरणीमागं. तिथंच ठेवला. ती वापरत नाही, पण असू दे म्हणते.

पुढची कामं: ओट्याच्या कडेची चीर शेण-मातीनं लिंपणे. ७ सप्टेंबरला गणपती, त्याआधी पाईप झाडणे. पुढच्या सालचं जळण जानेवारीतच फोडणे. कुऱ्हाडीला नवा दांडा.